भज्यांसोबत गेलेली पानं

आमच्या वस्तीत इंग्रजी शब्दांच्या जाती सहाच होत्या. बाकीच्या जगात आठ आहेत हे मला साठी उलटल्यावर कळलं. कळलं तेही शाळेच्या नळावर, भाताचं पातेलं घासता घासता, आणि सांगणारी होती मीच शिकवलेली पोरगी.

मी शाळेत दुपारचा स्वयंपाक करते. भात, पप्पू म्हणजे आमच्या तेलंगणातलं वरण, आठवड्यातून तीनदा अंडं. माझं स्वतःचं शिक्षण चौथी, मराठीतून. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे होती आणि पोरीला नाला ओलांडू द्यायचा नाही असं घरात ठरलं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मला विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवशी माझ्या मायसोबत निंदायला गेले. तेव्हा रडले होते का, आठवत नाही. आता कधीकधी राग येतो, तो पन्नास वर्षं शिळा राग आहे, त्याचं काय करायचं कळत नाही.

इंग्रजी अक्षरं मी शाळेच्या भिंतीवरून शिकले. स्वयंपाकखोलीसमोरच्या भिंतीवर सफरचंदापासून झेब्र्यापर्यंत चित्रं रंगवलेली होती. वांगी चिरता चिरता समोर बघायची. दोन पावसाळे गेले आणि मला मोठी अक्षरं, लहान अक्षरं सगळी यायला लागली. मग जे दिसेल ते वाचायची. तेलाचे डबे, खताच्या गोण्या, ट्रकांच्या मागचं. अर्थ कळत नव्हता, पण वाचता येत होतं.

पुस्तक मिळालं ते इचोड्याच्या बाजारात. आम्ही बाया तेव्हा सुट्टीच्या दिवसांत पळसाची पानं तोडायचो, गड्ड्या बांधायचो आणि रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना नेऊन द्यायचो. त्या दिवशी एका हॉटेलवाल्यानं भजी दिली ती छापलेल्या कागदात. भजी खाल्ली, कागद उलगडला, तर आत इंग्रजी आणि मराठी बाजूबाजूला. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. तेलानं कागद आरपार दिसत होता, मागची अक्षरं पुढच्या अक्षरांत मिसळली होती. मी त्याला विचारलं, बाकीचं कुठं आहे. त्यानं गल्ल्याखालून पुस्तक काढून दाखवलं. नागपूरकडच्या कुठल्या पोराचं मराठीतून इंग्रजी शिकवणारं गाईड असेल, ट्रकात आलं असेल, रद्दीत गेलं असेल. तो हसला, म्हणाला, किताब का क्या करेगी, पत्ते की एक गड्डी ज्यादा दे और ले जा. मी दोन दिल्या. सोबतच्या बाया घरी येईपर्यंत मला चिडवत होत्या की ही आता कलेक्टर होते आणि आपल्याला ओळख देत नाही.

पुस्तकाला कव्हर नव्हतं. पहिली काही पानं नव्हती. मधे बासष्ट पानानंतर एकदम एकोणऐंशी यायचं. ते मला दिसलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसलं होतं. मी मनाशी म्हटलं, सरावाची वाक्यं असतील तिथं, ती काय मी माझी करीन. इतकी वर्षं मी त्या नसलेल्या सोळा आकड्यांवरून बोट फिरवलं आणि पुढं गेले. त्यातली पानं कोण्या ड्रायव्हरच्या भज्यांसोबत नागपूरला गेली, कोणाच्या हैद्राबादला.

पुस्तक उघडलं आणि पहिलाच मथळा, शब्दांच्या जाती. मी बंद करून ठेवलं. दोन दिवस हात लावला नाही. आमच्या घरात तो शब्द कसा ऐकला जातो ते आमच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून समजत नाही. शब्दालाही जात आहे म्हटल्यावर मला वाटलं, हे आपल्यासाठी नाही. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. वाचलं तर तिथं फक्त कोण काय काम करतं एवढंच होतं. एक नाव सांगतो, एक नावाच्या बदली येतो, एक कसा आहे ते सांगतो, एक करतो. मग मी माझ्यापुरतं ठरवलं, ह्याला जाती म्हणायचं नाही, कामं म्हणायचं. पुढे पोरांना शिकवलं तेही असंच. शब्दांची कामं. सहा कामं. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शेवटी ते आनंदानं नाहीतर दुःखानं तोंडातून निघणारे शब्द, त्याला पुस्तकात केवलप्रयोगी म्हटलं होतं.

क्रियापदानं मला फार छळलं. पुस्तक म्हणे, क्रिया दाखवतो तो शब्द. ठीक आहे, शी कुक्स राइस, कुक्स झालं. ते तर मी रोज करते. पण ही इज अ बॉय, ह्यात क्रिया कुठं आहे? पोरगा नुसता आहे. काही करत नाही. मी किती दिवस त्या एका वाक्याभोवती फिरले. चुलीपुढं, नळावर, अंथरुणात. मग एक दिवस वरण फोडणीला टाकताना सुचलं, ह्याला कालचं करून बघू. येस्टरडे ही वॉज अ बॉय. इजचं वॉज झालं. बाकी सगळे जिथल्या तिथं. मग दुसरं घेतलं. द काऊ ईट्स ग्रास. येस्टरडे द काऊ एट ग्रास. गाय तीच, गवत तेच, ईट्सचं एट झालं. मी दहा वाक्यं केली, वीस केली. जो काल म्हटल्यावर बदलतो, तो क्रियापद. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. हे माझं होतं. मी सोबत भाजी चिरणाऱ्या बाईला सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वरणात मीठ टाकलं का.

तर असं माझं इंग्रजी. त्यावर मी वर्ग सुरू केला. विहाराच्या ओट्यावर, दिवस मावळायच्या आधी तासभर. आमच्या शाळेत तेव्हा एकच सर, पाच वर्गांना. इंग्रजीच्या तासाला ते पोरांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगायचे आणि ऑफिसच्या कागदांत डोकं घालायचे, त्यांचाही इलाज नव्हता. मी शाळेतले खडूचे तुकडे वेचून आणायचे. आधी माझ्या भावाच्या दोन पोरी आल्या, मग शेजारच्या आल्या, मग ओटा भरला. कोणी मला म्याडम म्हटलं नाही, मावशी म्हटलं. मला तेच पाहिजे होतं, खोटं का बोलू, थोडं म्याडमही पाहिजे होतं.

वही सगळ्यांकडं नसायची, म्हणून मी पोरांनाच शब्द केलं. सहा पोरं ओळीनं बसवायची. एकाला म्हणायचं तू द, तू काऊ, तू ईट्स. मग मी जोरात म्हणायची, येस्टरडे. ज्याचा शब्द बदलतो त्यानं ताडकन उठायचं आणि नवा शब्द सांगायचा. चुकीचा उठला की बाकीचे त्याला खाली ओढत. दोघं उठले तर भांडण. विहारात येणारी म्हातारी माणसं वंदना करून मुद्दाम बसून राहायची बघायला. एक आजोबा तर स्वतःच उठायचे, शब्द दिला नसला तरी.

आणि इन, ऑन, अंडर, अँड, बट असे जे लहान लहान शब्द होते, त्यांचं माझ्या पुस्तकात कुठं ठिकाण नव्हतं. मी खूप शोधलं. मग मी त्यांना खडे म्हणायला लागले. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढतो तसं. वाक्य निवडायचं, खडे बाजूला ठेवायचे, मग बाकीच्यांची कामं लावायची. पोरांना ते पटलं. खडा, खडा, असं म्हणत खडूनं त्यावर गोल मारायची.

मला आठ सांगणारी ती पोरगी आमच्या घराच्या मागच्या घरातली. माय-बाप दोघं मजुरीला. सात वर्षांची होती तेव्हा माझ्या ओट्यावर आली, ओळीत सगळ्यांत लहान, म्हणून तिला नेहमी खडा मिळायचा. एकदा द कॅट इज अंडर द टेबल असं वाक्य होतं आणि ती होती अंडर. मी सगळ्यांची कामं विचारली. कॅट नाम, टेबल नाम, इज क्रियापद. तिनं हात वर केला.

"मावशी, माह्या शब्दाचं काम काय?"

मी म्हटलं, तो खडा आहे.

"पन मांजर तं माह्यामुळंच खाली हाय. मले काढलं तं थे टेबलावर बी असू शकते."

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मला आतून कळलं होतं की पोरगी बरोबर बोलते आहे. पण ते सोळा आकडे मला आठवले आणि मी तिला म्हटलं, "खड्याले कोनी काम सांगते का? बस खाली." पोरं हसली. तीही हसली. मी पुढचं वाक्य घेतलं.

हे एवढंच. ह्यापेक्षा मोठं काही झालं नाही.

ती पुढं आठ वर्षं माझ्याकडं आली. इतर पोरं यायची, जायची, कापसाच्या दिवसांत तर ओटा अर्धा रिकामा व्हायचा, पण ती शेतातून आली तरी हातपाय धुऊन यायची. कालचा खेळ मग तीच घ्यायला लागली, मी नुसती बसून बघायची. हॉस्टेलला लागली, तिकडून आदिलाबादला कॉलेजात गेली, मास्तरकीचं शिक्षण केलं. पहिल्या वर्षी सुट्टीत आली की माझ्याकडं यायची. नंतर यायची बंद झाली. मी म्हटलं, अभ्यास असेल. तिच्या मायला विचारलं तर ती म्हणायची, तुमची आठवण काढते हो. माय चांगली, खोटं बोलायची तिची पद्धत मऊ होती.

मग परीक्षा पास झाली आणि नोकरी लागली, आणि बदली होत होत आमच्याच शाळेत आली. शाळा तोवर इंग्रजी मीडियमची झाली होती. आमच्या वस्तीतली पोरगी आमच्या शाळेत इंग्रजीची टीचरम्मा, तुम्हीच सांगा मला काय वाटलं असेल. माझे डोळे गेल्या दोन वर्षांत खराब झालेत. खडूनं लिहिलेलं मलाच संध्याकाळी दिसत नाही. मी ठरवलं होतं, हा वर्ग तिला द्यायचा. आयुष्यात माझं म्हणून जे काही झालं ते एवढंच, ते माझ्यानंतर बंद पडू नये. ती शाळेत रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी ओटा शेणानं नाही, पाण्यानं खसखसून धुतला, फरशी झाली ना आता. गाईडला नवं खाकी कव्हर घातलं आणि ओढणीच्या तुकड्यात बांधून ठेवलं.

ती आली, हात जोडले, म्हणाली, "कशा हाय तुमी?"

आमच्यात पोरं मावशीला तू म्हणतात. ती जन्मभर मला तू म्हणाली होती. मला वाटलं, शाळा आहे, चारचौघं आहेत, म्हणून. मी पण तिला म्याडम म्हटलं. गठुडं मी त्या दिवशी परत घरी नेलं.

महिन्याभरानं पालकांची मीटिंग झाली. मी मागं उभी होते, चहाचे ग्लास गोळा करायला. तिनं अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत सांगितलं, पोरांना वेळेवर पाठवा, शाळेच्या दिवशी कापसात नेऊ नका, सगळं बरोबर बोलली. आणि शेवटी म्हणाली, संध्याकाळी पोरांना कुठंही शिकायला बसवू नका. ज्यांनी स्वतः नीट शिकलेलं नाही ते शिकवतात, पोरं चुकीचं घेऊन येतात, मग मला आधी ते पुसावं लागतं, त्यात अर्धं वर्ष जातं.

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, आमच्या वस्तीत संध्याकाळी शिकवणारं दुसरं कोण होतं? सगळ्या मुंड्या एकदम मागं वळल्या आणि मग एकदम पुढं. मी ग्लास उचलत राहिले. माझ्या हातून एकही फुटला नाही, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर तीन पोरं आली. दुसऱ्या दिवशी एक. त्याच्या घरच्यांना मीटिंगला जमलं नव्हतं. मी त्याला मुरमुरे देऊन घरी पाठवलं. पोरांच्या आया मला रस्त्यात भेटल्या की जास्तच गोड बोलायच्या, मावशी तब्येत कशी आहे, मावशी डोळे दाखवले का. एक म्हणाली, बरं झालं मावशी, तुमालेबी आराम. तिच्या दोन्ही पोरांचं इंग्रजी माझ्या ओट्यावर झालं होतं.

ती रोज दुपारी आमच्या हातचं जेवायची. मी वाढायची. पोरांच्या आधी शिक्षकांनी चव घ्यायची असा नियम आहे, ती चमच्यानं चव घेऊन वहीत सही करायची. रोज लिहायची, चव चांगली. मी ती वही बघायची. चव चांगली, चव चांगली, चव चांगली. असा अर्धा पावसाळा गेला.

मग एक दिवस मी पप्पू ढवळत होते आणि तिच्या वर्गातून आवाज आला, येस्टरडे. लगेच बाक सरकल्याचा आवाज, आणि एका पोराचा आवाज, एट. पुन्हा येस्टरडे. पुन्हा बाक. माझा खेळ. मी झारा तसाच हातात धरून खिडकीपाशी गेले. पोरांना बाकावर ओळीत बसवलेलं, प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. मी बघत होते, हसत पण असेन. मला वाटलं, विसरली नाही. मला वाटलं, आता बोलेन तिच्याशी, उद्याच गठुडं आणते. तेवढ्यात तिनं ओळीतल्या शेवटच्या पोरीला विचारलं. पोरीच्या गळ्यात अंडर होता. पोरगी ताठ उभी राहून म्हणाली, आय अ‍ॅम अ प्रेपोझिशन.

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. पप्पू खालून लागल्याचा वास आला म्हणून मी परत गेले.

शाळा सुटल्यावर ती स्वतःचा डबा धुवायला नळावर आली. पोरं गेली होती. मी पातेलं घासत होते. मी विचारलं, ते पोरगी काय म्हणत होती, नवीन काही निघालं का.

तिनं डबा धुतला, उलटा केला, पाणी झटकलं. मग म्हणाली, "नवीन नाइ. पयल्यापासूनच हाय. आठ हाय मावशी. तुमी सहा सांगतले होते."

मी म्हटलं, पुस्तकात सहाच होते.

मग तिनं सांगितलं. तिकडं मास्तरकीच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, पार्ट्स ऑफ स्पीच किती. सगळ्यांत आधी हिनं हात वर केला. सिक्स म्हणाली. सर म्हणाले, पुन्हा सांग. तिला वाटलं आवाज पोचला नाही, ती आणखी जोरात म्हणाली, सिक्स. बाकीचे कोणते गेले, सरांनी विचारलं. ही म्हणाली, बाकीचे खडे असतात. वर्ग हसून हसून आडवा झाला. कोणी शिकवलं विचारलं, तर हिनं खरं सांगितलं, आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशीनं. मग तर विचारूच नका. दोन वर्षं तिला कोणी नावानं हाक मारली नाही. वर्गात शिरली की मागच्या बाकावरून यायचं, आरु वच्चिंदि. सहा आली. मेसमध्ये पोळ्या वाढणारी बाई दिसली की म्हणायचे, जा, तुझी प्रोफेसर आली.

"पह्यलीपासून डिग्रीपर्यंत मले कोनीच विचारलं नाइ किती म्हणून," ती म्हणाली. "ज्यानं विचारलं त्यानं सगळ्याइसमोर विचारलं. आन मी लहानपनी तुमाले विचारलं होतं. तुमी बस खाली म्हणलं."

तिला ते मांजर आठवत होतं. मलाही आठवत होतं. दोघींपैकी कोणी मांजराचं नाव काढलं नाही.

माझ्या हाताला राख लागलेली होती. मी तिची माफी मागायला पाहिजे होती, मला कळतं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच. मी हिशोब लावत होते की ती कॉलेजात गेली तेव्हापासून किती पोरं माझ्या ओट्यावरून गेली. नऊ वर्षांतली पोरं. सगळी सहा घेऊन गेली. सगळ्यांना मी खडे बाजूला काढायला शिकवलं. आणि हिला माहीत होतं.

मी म्हटलं, "मले काऊन नाइ सांगतलं? सुट्टीत येत होती. एक शब्द सांगतला असता."

तिनं डबा पुसला. मग म्हणाली, तुमाले पाहून मले तेच आठवे. आणि मग, डब्याचं झाकण लावता लावता, म्हणाली, "दुसऱ्याइलेबी हासले असते तं मले थोडं बरं वाटलं असतं."

मला तिचं हे बोलणं राहून राहून आठवतं. राग येतो आणि रागातही असं वाटतं की पोरगी खरं बोलायला मात्र माझ्या ओट्यावर शिकली. मी गठुड्याचा विषय काढला नाही. ती गेली. पातेलं मी दुसऱ्यांदा घासलं, आधी घासलेलं होतं ते विसरून.

मग काय करणार. भावाच्या नातीचं शाळेचं पुस्तक मागून आणलं. डोळ्यांना भिंग लावून चार दिवसांत ती दोन कामं शिकले. चार दिवस लागले फक्त. एक शब्द दुसऱ्याची जागा सांगतो, कुठं, वर, खाली, आत. दुसरा दोघांना जोडतो. माझ्यासारख्या बाईला चार दिवस. एवढ्यासाठी त्या पोरीला दोन वर्षं.

आणि मग मी निघाले. लोकांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. ज्यांना ज्यांना मी शिकवलं होतं, आठवतील तेवढ्यांच्या घरी गेले. इंद्रवेल्लीच्या स्टँडजवळ एक टायरचं पंक्चर काढतो, त्याला सांगितलं, बाबा, दोन राहिले होते, आठ आहेत. तो हातातली नळी पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "मावशी, मले तं सहाबी याद नाइ. चहा घे." एकीचं लग्न ठरलं होतं, ती मेंदी काढत होती, तिनं हातच थांबवला नाही. एक जण ऑफिसात क्लार्क आहे, साहेबासमोर होता, मला बाहेर बाकावर बसवून ठेवलं, मग आला आणि विचारलं, दरखास्त आणली का, कसला अर्ज आहे. मी म्हटलं, दरखास्त नाही, प्रेपोझिशन. तो हसला नाही, घाबरला. घरी फोन करून विचारलं म्हणे, मावशीला बरं नाही का.

कोणालाच नको होते ते दोन. ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. चूक झाली ती झाली, पण जे बरोबर होतं तेही कोणाजवळ उरलं नव्हतं. एक तीच होती जिनं सगळं धरून ठेवलं होतं, आणि तिला त्याचीच शिक्षा झाली.

शेवटी बेल्लमपल्लीला गेले. माझ्या भावाची धाकटी पोरगी तिथं दिली आहे, जावई खाणीत कामाला. ओट्यावर बसणाऱ्या पहिल्या दोघींतली ती एक. दोन बस बदलून, कंबर मोडून पोचले. क्वार्टरच्या पुढं वऱ्हांडा आहे, तिथं तिची पोरगी आणि शेजारच्या तीन पोरी ओळीनं बसलेल्या. मी फाटकातून आत यायच्या आधीच ऐकू आलं, येस्टरडे. एक पोरगी ताडकन उठली.

माझी भाची मला बघून पळत आली. म्हणाली, घरी मी तुला मावशी नाही म्हणत, आत्या म्हणते, पण ओट्यावर मावशीच होती ना तू, म्हणून पोरींना सांगितलं, ही मावशीची शाळा. मी खाली बसले. मला पाणी दिलं. पोरी माझ्याभोवती बसल्या, एकीनं मला म्हणून दाखवलं, नाम, सर्वनाम, विशेषण, असं बोटं मिटत मिटत सहापर्यंत, आणि एक बोट उघडं धरून माझ्याकडं बघत राहिली की आता शाबासकी मिळते.

मी भाचीला आत नेलं आणि सांगितलं. पुस्तक कुठं मिळालं, पानं कशी गेली, मला दिसलं होतं तरी मी पुढं गेले, सगळं सांगितलं. त्या पोरीचंही सांगितलं. आधी कोणाला एवढं सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. मग फळीवरून पोरीची वही आणली, पेन घेतलं, आणि मी सांगितलं तसं सात आणि आठ लिहून घेतलं, खाली उदाहरणं लिहिली. तिचं अक्षर अजून माझ्यासारखंच आहे, उजवीकडं पडतं.

लिहून झाल्यावर तिनं पेन मिटलं नाही. मला विचारलं,

"आत्या, आखीन काही राह्यलं तं नाइ ना?"

बाहेर पोरींचा खेळ पुन्हा सुरू झाला होता. मी त्या वहीकडं बघत राहिले. पुस्तक बासष्टनंतर फाटलं होतं ते मला माहीत आहे, कारण आकडे होते. जिथं आकडेच नव्हते तिथलं मला काय माहीत. हाती आलेल्या पहिल्या पानाआधीचं, शेवटच्या पानानंतरचं, नाल्यापलीकडच्या शाळेत जे शिकवत होते त्यातलं.

मी म्हटलं, "मले मालूम नाइ, बाई."

तिनं खालचं अर्धं पान कोरं सोडलं आणि वही मिटली.